शिळ्या कण्यांची फोडणी

शिळ्या कण्यांचे सहा-सात प्रकार मला येतात, आणि त्यातल्या एकानंही माझं पोट भरलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गल्लीतल्या बाया अजून मला अडवून विचारतात, काकू, कण्यांच्या वड्यांत काय घालता? मी सांगते. थोडं बेसन, तीळ, ओवा, ठेचलेला लसूण. बाकीचं सांगत नाही.

रिसोडकडून लग्न होऊन मी मेडशीजवळच्या या गावात आले, तेव्हा आमच्या वावरात ज्वारी व्हायची. ती भरडायची, पीठ चाळून घ्यायचं आणि मागे राहिलेल्या जाड्याभरड्या कण्या भातासारख्या शिजवायच्या. रात्री पुरुष माणसं त्या गरम गरम दुधाशी नाहीतर अंबाडीच्या भाजीशी खायची. गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाशी दोघींपुरत्या उरायच्या. त्या बायांच्या, म्हणजे सासूबाईंच्या आणि माझ्या, दुसऱ्या दिवशी सकाळी. भाकरी पुरुषांच्या ताटापुरत्या आणि वावरातल्या शिदोरीपुरत्या थापायच्या. शिळ्या कण्यांना पुरुष हात लावत नसत. तसं कोणी ठरवलेलं नव्हतं, पण घरात तसंच चालायचं.

सगळ्यांचं आटोपलं की सासूबाई कण्यांत ताक ओतायच्या, मीठ घालायच्या, बुक्कीनं कांदा फोडायच्या. चुलीपाशी आम्ही दोघी एकाच ताटात खायचो. दिवसभर माझ्यावर खेकसणारी ती बाई तेवढा वेळ माणसासारखी बोलायची. तिच्या माहेरचं सांगायची, मेलेल्या पोरीचं सांगायची.

मला मात्र रोज तेच ते खाऊन कंटाळा आला होता. एक दिवस मी कढईत तेल टाकलं, मोहरी, लाल मिरची, लसूण घातला आणि कण्या परतायला घेतल्या. सासूबाई म्हणाल्या, "कायले तेल जाळतं व? खाय ना हायेत तशा."

किती चिक्कू बाई, असं मला वाटलं. माहेरी गेले तेव्हा बहिणींना मी तिची नक्कल करून दाखवली, त्या पोट धरून हसल्या. पुढेही कित्येकदा करून दाखवली.

त्या दिवशी लसणाचा वास अंगणात गेला. सासरे चप्पल घालून निघाले होते, ते परत आले. "काय करून राह्यली सून?" मी बशीत थोड्या दिल्या. त्यांनी कढई मागितली. मग हे आले, मग दीर आला. भाकर तर ते खाऊन बसलेच होते, वर हे. "सुनेच्या हाताले चव हाये बाप्पा," सासरे म्हणाले, आणि मी हुरळून गेले. तोवर त्या घरात मला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. सासूबाईंनी कढई खरवडली, त्यात पाणी ओतलं आणि मोरीत ठेवली.

मग मला थांबता येईना. कण्या मळून तव्यावर वडे केले. ताकात भिजवून धिरडी केली. उन्हाळ्यात तिखट-तीळ घालून धाब्यावर, घराच्या मातीच्या छतावर, खारोड्या वाळवल्या; त्याही डब्यात टिकल्या नाहीत, पुरुष जाता-येता मूठभर उचलायचे. मी जितकं चांगलं करायचे तितकं आमचं ताट रिकामं व्हायचं. हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. पण कौतुकाची हाव वाईट, ती भुकेलाही गप्प करते. सासूबाईंनी माझ्याशेजारी बसणं सोडलं. बसून करायचं काय, ताटात काही नसायचंच.

मोठ्या मुलाच्या वेळी मला सातवा चालू होता. त्या सकाळी वडे करताना मला कडकडून भूक लागली होती. तव्यावरून उतरेल तसा एकेक बाहेर गेला. "अजून हाये काय?" असा आवाज आला की मी देत गेले, नाही म्हणायचं मला सुचलंच नाही. शेवटी अर्धा मोडका वडा उरला. सासूबाईंनी तो माझ्या हातावर ठेवला, स्वतः नुसतं ताक प्याल्या आणि म्हणाल्या, "घे. अजून कर चांगलं."

टोमणा मारते म्हातारी, म्हणून मी आठ दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

पुढे सगळ्या वावरांत सोयाबीन आलं, ज्वारी गेली, कण्याही गेल्या. सासरे गेले, मग सासूबाई गेल्या. त्यांच्या तेराव्याला बाया जमल्या होत्या, तिथंही मी तेल जाळण्याची ती गोष्ट सांगितली. बाया हसल्या.

आता यांना साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी ज्वारी खायला सांगितली, म्हणून रिसोडच्या बाजारातून विकत आणतो. गेल्या वर्षापासून रात्री पुन्हा कण्या शिजतात आणि सकाळी पुन्हा उरतात. माझी हौसही पुन्हा जागी झाली. कधी फोडणी, कधी वडे. मुलगा म्हणतो, आईच्या हातचं ते आईच्या हातचं.

मागच्या आठवड्यात सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर सून ओट्याशी उभी राहून, दाराकडे पाठ करून, वाटीतल्या ताक-कण्या खात होती. मला तिची दया आली. मी तेलाची बरणी काढली. "नुसत्याच काहून खातं व? थांब, लसणाची फोडणी देतो, पाहाय कशा लागतात."

तिनं वाटीवर हात ठेवला. "नको, आई. वास सुटला का मंग मले उरत नाई."

मीठ कुठं ठेवलंय ते सांगावं, तशी म्हणाली. रागही नाही, रडही नाही. आणि मला सासूबाईंचे शब्द जसेच्या तसे ऐकू आले. कायले तेल जाळतं व. तेलाचं नव्हतंच ते. ती बाई मला जपायला सांगत होती, तिचा आणि माझा घास. तीस वर्षं मी तिला चिक्कू म्हणून हसले, तिच्या तेराव्यालासुद्धा. आणि गेलं वर्षभर या पोरीच्या वाटीतलं काढून मी बाहेर वाढत होते, हसऱ्या तोंडानं.

बाहेरून यांचा आवाज आला, "आज कण्यायचं काई केलं नाई काय?"

"उरल्याच नाई," मी म्हटलं आणि बरणीचं झाकण लावलं.

सून भराभर खात होती. आता तिनं माझ्याकडेही पाठ केली होती.