खळ्यातले दोन बांबू

अचानक गेलेल्या कोणाबद्दलही आपल्याकडे म्हणतात, चालता-बोलता माणूस गेला. माझ्या भाच्याचा, दादाच्या मुलाचा, फोन आला तेव्हा तोही तेच म्हणाला. "आत्या, आप्पा गेले... सकाळी खळ्यात फेऱ्या मारल्या, चहा घेतला, ओटीवर बसले आणि गेले. चालता-बोलता गेले." फोन ठेवला आणि खोटं कशाला सांगू, रडू येण्याआधी मला अभिमान वाटला. कारण माझा दादा, पोलादपूरच्या डोंगरात टपाल वाटणारा शांताराम, ऐन अठ्ठाविशीत कंबरेखाली लुळा पडला होता. याच्या चालण्याची आशा धरू नका, असं मुंबईच्या दवाखान्यापासून आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांपर्यंत सगळ्यांनी सांगून झालं होतं. त्यानंतर तो चाळीस वर्षांहून जास्त चालला, आणि सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांना शेवटचं पोहोचवायलाही तोच पायी गेला.

आमचं गाव आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. एसटीवाले फाट्यावर टपालाची थैली उतरवायचे आणि ती खांद्याला लावून वरच्या वाड्या पालथ्या घालायच्या, हे दादाचं काम. आमच्या बौद्धवाडीतून ती थैली उचलणारा तो पहिला. त्यामुळे ऐट काय विचारता! तांब्यात निखारे घालून खाकी शर्टाला इस्त्री व्हायची, आणि थैली टेकवायला आई ओटीवर वेगळा पाट मांडायची. त्या पाटावर चुकून मी बसले तर माझी खैर नसे. आणीबाणी उठायच्या जरा आधी, माघात, दादा कवळ तोडायला ऐनाच्या झाडावर चढला. भाताचं रोप टाकायची जमीन आधी भाजून घ्यावी लागते, त्यासाठी लागणारा फांद्या-पाल्याचा हा भार. दरवर्षीचंच काम. पायाखालची फांदी मोडली आणि तो खाली बांधावर पाठीवर आदळला. घोंगडीची झोळी करून माणसांनी त्याला रस्त्यापर्यंत आणलं. तिथून महाड, महाडहून मुंबई. तीन महिन्यांनी परत आला तेव्हा गाडीतून उतरवताना त्याचे पाय नुसते लोंबत होते. मी तोंड फिरवलं.

थैली मात्र घरातच राहिली होती. नेमलेला माणूस आजारी पडला तर त्याच्या जबाबदारीवर घरातलं कोणी बदली म्हणून चालत असे. मी नुकती मॅट्रिक झाले होते, म्हणून मी निघाले. पोरीनं डोंगरात एकटं हिंडावं का, यावर वाडीत चर्चा झाली. चर्चा करणाऱ्यांची पत्रं मीच आणत होते, त्यामुळे ती लवकर थांबली. पावसाळ्यापूर्वी टपालखात्याचे निरीक्षक घरी आले. भला माणूस होता. दादाच्या खाटेशी बसून म्हणाले, "पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत मी हे असंच चालू ठेवतो. तोवर काठी घेऊन का होईना, फाट्यावर येऊन थैली तुम्ही स्वतः घेतली पाहिजे. नाहीतर मला दुसरा माणूस नेमावा लागेल." दादानं मान डोलावली. ते गेल्यावर आई म्हणाली, "हा मानूस हाय की येडा? ज्याला कूस बदलता येत नाय त्याला फाट्यावर बोलवतोय." दादा म्हणाला, "बोलवलंय ना? मग जायाला नको?"

आणि मग माझ्या हातून ती गोष्ट घडली. श्रावणात झड लागली होती. दादाचे पाय बर्फासारखे गार पडायचे. गारठ्यानं आखडलेल्या अंगाला शेक द्यायचा, हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही. मी चुलीत दोन विटा तापवल्या, जुन्या लुगड्यात गुंडाळल्या आणि दोन तळपायांना लावून ठेवल्या. दादा वरच्या वाडीतल्या आवडाकाकूंच्या लेकाचं पत्र आलं का विचारत होता. बोलता-बोलता एकदम ओरडला, "सुले, भाजलं गो! डावा, डावा!" मी डावीकडची वीट ओढून काढली. मग उजवीकडची काढली, तर लुगड्याबरोबर तळव्याची कातडीच निघून आली. या पायाचं त्याला काही कळलंच नव्हतं. मी मटकन खाली बसले, कपाळ बडवून घेतलं. आणि दादा? तो हसत होता, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "रडतेस काय? डाव्याला कळलं ना! आई, डाव्याला कळलं!"

महाडचे डॉक्टर आले तेव्हा आधी त्यांनी मला यथेच्छ झाडलं. मग दोन्ही पायांना टाचणी टोचून, गार-गरम लावून बराच वेळ पाहत बसले. "कंबर आवळा, जोर लावा," असं दरडावत राहिले, आणि त्या भाजलेल्या, काही न कळणाऱ्या उजव्या पायाचा अंगठा हलला. ते म्हणाले, "दुखापत एका बाजूला जास्त आहे. ज्या पायाला कळतंय त्यात जोर कमी, आणि ज्यात जोर आहे त्याला कळत नाही. असं होतं कधीकधी. हा माणूस चालू शकेल... पण तोवर तुम्ही त्याला भाजून मारू नका." शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून. ती जखम भरायला दिवाळी उजाडली. निरीक्षकांनी दिलेल्या मुदतीतले कितीतरी महिने माझ्या विटेनं खाल्ले होते. दादानं त्याबद्दल मला जन्मात एकदाही बोल लावला नाही. चिडवलं मात्र जन्मभर, मी चहा दिला की आधी विचारायचा, "वीट नाय ना घातलीस यात?"

मुंबईच्या दवाखान्यात लोखंडाच्या दोन कांबींमध्ये धरून उभं करतात, हे त्यानं खाटेवरून बघून ठेवलं होतं. त्यानं सांगितलं तसे खळ्याच्या कडेला खुंट पुरून आम्ही कंबरेच्या उंचीवर दोन बांबू आडवे बांधले. डाव्या गुडघ्याला कामट्या आवळायच्या, पाऊल लोंबू नये म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुडघ्यापासून चपलेपर्यंत ताणायची, आणि मग दोघा-तिघांनी उचलून त्याला बांबूंमध्ये सोडायचं. पहिल्या दिवशी तो उभा राहिला तो आईनं पाच म्हणायच्या आत कोसळला. नजर सारखी पायांवर, आणि पायांवर नजर ठेवली की तोल गेलाच. म्हणून मी त्याच्यासमोर उभी राहून एकेक पाऊल मागे सरकायची आणि ओरडायची, "पायांकडं नको बघूस, माझ्याकडं बघ!" सकाळी टपालाला निघण्याआधी आणि परत आल्यावर, रोज. शिव्याही देत असे तो मला. एकदा तर चिडून म्हणाला, "तुझं तोंड बघून बघून कंटाळलो, दुसरं कायतरी दाखव." मी थैली आणून समोर धरली. त्या दिवशी तो बांबूच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आला.

मग अंतरं वाढत गेली. मी फेरी संपवून यायची तेव्हा तो कुठं भेटेल हे सांगता येत नसे. आधी खळ्याच्या दगडावर, मग पहिल्या बांधाशी, मग पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे, पावसाळा सरला तसा पऱ्याच्या पलीकडे. दोन काठ्या, घामानं निथळलेला शर्ट, आणि चेहऱ्यावर असा भाव की सहजच उभा आहे. दिवाळी आठवड्यावर आली होती त्या सकाळी दादा घरात दिसला नाही; गेला असेल चालायला, असं समजून मी नेहमीसारखी फाट्यावर गेले. गाडी नुकतीच येऊन उभी होती. मी हात पुढे केला तर कंडक्टर म्हणाला, "थैली दिली की तुझ्या भावाला." मी गाडीला वळसा घातला. पलीकडच्या मैलाच्या दगडावर दादा बसला होता. खाकी शर्ट, त्यावर इस्त्रीची घडी, आणि खांद्याला थैली. झुंजूमुंजू व्हायच्या आधी घरून निघाला होता म्हणे, आईलाही न सांगता. मला बघून म्हणाला, "उशीर केलास गो सुले." मी तिथंच रस्त्यात बसून भोकाड पसरलं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तो मला उठवायला की दादाच्या कौतुकाला, देव जाणे... खूप वेळ वाजवत होता.

परतताना थैली मी घेते म्हटलं तर देईना. "ही माझी. तू आता महाडला जाऊन मास्तरीण हो." त्यानं मला घरात बसू दिलं नाही आणि मी खरंच मास्तरीण झाले. वरच्या वाडीत पोहोचायला त्याला पुढे दुप्पट वेळ लागायचा. आवडाकाकू निम्म्या वाटेत उतरून येऊ लागल्या, तर हा त्यांना परत धाडायचा. पत्र दारातच द्यायचं असतं, म्हणायचा. पहिल्या खेपेला त्यांनी त्याला ओटीवर घेऊन बसवलं आणि घरातल्या पितळी तांब्यानं पाणी दिलं. एरवी आमच्या हातावर वरून पाणी ओतलं जाई. घरी आल्यावर तो आईला तेवढंच तीनदा सांगत होता.

खळ्यातले बांबू त्यानं कधी काढले नाहीत. दर वर्षी, कीड लागू नये म्हणून अंधाऱ्या पक्षात, नवे तोडून आणायचा आणि जुने बदलायचा. नाते गावाहून पोलिओची एक मुलगी यायची, कुठून कुठून झाडावरून पडलेले यायचे. कोणी चाललं, कोणी नुसतं उभं राहण्यापर्यंतच पोहोचलं. दादा सगळ्यांशी सारखाच भांडायचा. शेवटची अंघोळ घालताना मी त्याचा उजवा तळवा दोन्ही हातांत धरला. विटेचा व्रण तसाच होता, आणि त्याभोवती चालून चालून जाड झालेली कातडी.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले. मी आवराआवरीसाठी मागे थांबले होते. यंदाचे नवे बांबू त्यानं तोडून भिंतीला लावून ठेवले होते, बांधायचे राहिले होते. दुपारी दारात एक रिक्षा थांबली. तुडीलहून एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती; मुंबईत परांचीवरून, म्हणजे बांधकामाच्या फळ्यांवरून पडलेला. तिला काही माहीत नव्हतं. "शांताराम पोष्टमन हायत ना घरात?" भाचा माझ्याकडे बघू लागला. मी त्याला म्हटलं, "आधी बांबू बांध. काय झालंय ते मग सांगू."

आम्ही दोघांनी मिळून नवे बांबू आवळले. त्या बाईच्या नवऱ्याला उचलून मध्ये उभा केला. त्याची नजर खाली पायांवर खिळली होती. माझे गुडघे हल्ली कुरकुरतात, पण मी समोर जाऊन उभी राहिले आणि एक पाऊल मागे सरकले.

"पायांकडं नको बघूस रे," मी म्हटलं. "माझ्याकडं बघ."

त्यानं मान वर केली.