बंगईला टेकू

रतिलाल भिरूड, म्हणजे नाना, यांच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला चहाच्या आधी सूचना मिळतात. फाटक ढकलायचं नाही, उचलायचं. न्हाणीघराचं दार लावताना गुडघ्याने रेटायचं आणि उघडताना आतून हाक मारायची. कुलरसमोर खुशाल बसावं, पण डाव्या बाजूला नको, कारण कुलरच्या जाळ्यांवर पाणी सोडायला नानांनी शेतातली ठिबकची नळी बसवली आहे आणि तिचं एक तोंड अजून शेतातच असल्यासारखं वागतं. या सगळ्या वस्तू नानांनी स्वतः दुरुस्त केलेल्या आहेत. त्या सगळ्या चालतात. अडतं ते फक्त पाहुण्यांचं.

नाना मूळचे सावद्याचे, केळीवाले. गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांनी जमीन बटाईने दिली आणि जळगावात एका कॉलनीत घर बांधलं. येताना गावाहून ट्रॉलीभर बांबू आणले. शेजाऱ्यांना वाटलं मांडव घालणार असतील. पण बांबू हे नानांचं भांडवल होतं. केळीने त्यांना आयुष्यात एकच गोष्ट शिकवली होती आणि ती त्यांनी पक्की धरली होती: घड भरायला लागला की झाडाला टेकू द्यायचा. वारा सुटल्यावर जो बांबू शोधायला धावतो, तो संध्याकाळी आडवी झालेली बाग बघतो.

बागेत हे तत्त्व शंभर टक्के खरं आहे. घरात शिरल्यावर त्याला थांबवायला कोणी उरलं नाही. भांड्यांच्या फळीला टेकू, गच्चीवरच्या टाकीला टेकू, बेसिनला टेकू, फाटकाला तर आतून-बाहेरून दोन. मोरीजवळच्या भिंतीलाही एक बांबू लावलेला आहे. भिंतीला काय झालंय असं विचारलं की नाना म्हणतात, "काही झालं नाही. म्हणूनच तर लावला."

मिस्त्री बोलावणं त्यांना मंजूर नव्हतं. स्वतःच्या घरात परका माणूस पान्हा घेऊन फिरतो, याचा अर्थ घरात पुरुष नाही असा होतो, हे त्यांचं मत. मिस्त्री लोकांचं नानांविषयी काय मत होतं, ते कळायला मार्ग नाही. ते कधी आतच आले नव्हते.

या घरात एकच वस्तू अशी होती जिला नानांनी कधी हात लावला नव्हता, आणि म्हणून ती पूर्ण शाबूत होती. ती म्हणजे त्यांच्या बायकोची, बेबाबाईंची बंगई. सागवानी फळी, चार पितळी साखळ्या, कडेला पोपटांची नक्षी. बेबाबाईंच्या वडिलांनी लग्नात दिलेला हा झोपाळा. सावद्याच्या घरी तो तुळईला टांगलेला असे. बेबाबाई त्यावर बसून शेंगा फोडत, नातेवाइकांची उणीदुणी काढत, आणि दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली की दोघी मायलेकी त्यावर पाय दुमडून बसत आणि उतरायचं नाव घेत नसत. जळगावच्या घरात तुळई नव्हती, स्लॅब होता. स्लॅबला हुक नव्हते. बंगई गोणपाटात गुंडाळून कपाटामागे उभी राहिली आणि नाना "बसवून देतो" म्हणाले.

मग आखाज्या आल्या आणि गेल्या. मोहिनी, म्हणजे नानांची लेक, धुळ्याला देवपुरात दिलेली. तिची सासू अंथरुणाला खिळलेली असल्याने तिलाही मध्ये येणं जमलं नाही, त्यामुळे नानांवर कोणाचा दाब नव्हता. या वर्षी मात्र चैत्र लागताच तिचा फोन आला. सासूबाई आता काठी घेऊन फिरतात, नणंदही येऊन राहणार आहे, तेव्हा आखाजीला नक्की येते. शेवटी म्हणाली, "आई, बंगई लावून ठेव. दोन दिवस मी जमिनीवर पाय ठेवायची नाही."

बेबाबाईंनी फोन ठेवला आणि नानांना एवढंच सांगितलं, "या आखाजीले बंगई टांगली नसली, तं मोहिनीनं इथं यायचं कामच नाही. मीच जाते तिच्याकडं, आखाजीले."

हे वाक्य साधं नव्हतं. आखाजीला लेक माहेरी येते. आई लेकीच्या सासरी आखाजीला जाऊन बसली, असं खानदेशात कोणी ऐकलेलं नाही, आणि ऐकलं तर पुढची पाच वर्षं दुसरं काही ऐकायला नको. भावकीत लोक विचारतील, "रतिलालनं काय केलं होतं?" आणि उत्तर असेल, काहीच केलं नव्हतं.

"मिस्त्री बोलवा," बेबाबाई म्हणाल्या.

"या स्लॅबच्या पोटात कुठं सळई आहे, ते माह्याइतकं कोणाले माहीत हाये? भरला तेव्हा मी इथंच उभा होतो."

ते खरं होतं. स्लॅब भरला त्या दिवशी नाना दिवसभर तिथेच उभे होते. त्यांच्याकडे मजुरांना जिलबी वाटायचं काम होतं.

लखीचंदशेठ यांच्या हार्डवेअरच्या दुकानात नानांना मान आहे. जी वस्तू गिऱ्हाइकाने परत आणून टाकली, ती नाना घेऊन जातात. शेठनी हुक काढून दिले, ड्रिल मशीनही दिलं, आणि अदबीने म्हणाले, "नाना, झोपाळ्याचं काम आहे. माणूस उभं राहत नाही, हालतं. आमचा चिंधा मिस्त्री आरपार बोल्ट टाकून देतो, वरून लोखंडी पट्टी. पाठवू का?"

"चिंधा आला तं मी काय करू, शेठ?"

"तुम्ही जिलबी वाटा," असं शेठ म्हणाले नाहीत. ते जैन आहेत, अहिंसा पाळतात.

हॉलमध्ये स्टूल, स्टुलावर पाट, पाटावर नाना. पहिलं भोक सळईवर गेलं. दुसरंही. तिसऱ्याने पंख्याची वायर गाठली आणि पंखा थांबला. नानांनी स्वयंपाकघरातून वायर ओढून तो सुरू केला, तेव्हापासून हॉलमधला पंखा ओट्यावरच्या बटणाने लागतो आणि मिक्सर चालू असला की बंद राहतो. पुढे मात्र हात बसला. दोन दिवसांत छताला चार हुक लागले, बाकीची भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवली गेली, आणि हुकांवर साखळी घासू नये म्हणून ठिबकच्या काळ्या नळीचे तुकडे चढले. बंगई टांगली गेली. दारातून आलेल्या झुळकीने ती किंचित हललीसुद्धा.

बेबाबाई पदर खोचून पुढे आल्या.

"थांब," नाना म्हणाले. "आधी वजन लावून पाहू."

त्याच आठवड्यात वर्षाचं धान्य भरलं होतं. नानांनी लीलाधरला हाक मारली. लीलाधर शेजारी राहतो, साक्रीकडचा, अहिराणी बोलणारा, एस.टी.तून निवृत्त झालेला. दोघांनी मिळून बंगईवर गव्हाचं एक पोतं ठेवलं, त्याच्या शेजारी दादर ज्वारीचं एक. दोन्ही पोती तीन दिवस तिथे बसून होती. नाना येता-जाता त्यांना हलकासा झोका देत आणि छताकडे बघत.

"गव्हाले झोका, अन् मले सतरंजी," बेबाबाई म्हणाल्या. "पोत्यांचं माहेरपण चालू हाये."

तिसऱ्या दिवशी हुकाजवळून नखाएवढा पोपडा पडला. चुन्याचाच होता, रंग नीट बसला नव्हता. पण नानांना जे दिसायचं ते दिसलं: भरलेला घड, आणि वारा. त्यांनी पोती उतरवली, मागच्या अंगणातून चार बांबू आणले, मापाने कापले आणि बंगईच्या चारही कोपऱ्यांखाली घट्ट ठोकून बसवले. खाली फरशी, वर साखळ्या, मध्ये बंगई. वरून सोडली तरी पडणार नाही, खालून काढली तरी पडणार नाही.

लीलाधरने फळीला हाताने रेटून बघितलं. मग म्हणाला, "नाना, बठ्ठं भक्कम शे. फक्त झोका नही जास."

"झोक्याचं नंतर पाहू. आधी मजबुती."

दुसऱ्या दिवशी बटाईदाराचा फोन आला म्हणून नाना सावद्याला गेले. केळीची कापणी होती. रात्री मुक्काम करून परतले. आले तेव्हा हॉल धुऊन-पुसून लख्ख झालेला, भिंतींवर पाण्याचे ओघळ, बांबू जागच्या जागी. "आखाजीची झाडलोट," बेबाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज गोड होता. नानांनी तो उन्हाच्या खात्यात टाकला.

त्याच संध्याकाळी बेबाबाईंनी बॅग भरायला घेतली. दोन लुगडी, गुडघ्याचं तेल, सांजोऱ्यांचा डबा. बॅग हॉलमध्ये, बंगईच्या बरोबर समोर ठेवली.

आखाजीच्या दिवशी सकाळी मोहिनी आली. देवपुरातून निघून पहिली बस धरलेली, ऊन चढायच्या आत दारात. पितरांची घागर पुजून झाली होती, घागरीवर खरबूज ठेवलेलं होतं. मोहिनीने चप्पल काढली, कोणाला नमस्कारही न करता सरळ जाऊन बंगईवर बसली आणि पायांनी फरशीला रेटा दिला. काही झालं नाही. पुन्हा दिला. पाय सरकले, बंगई जागची हलली नाही. तिने वाकून खाली बघितलं.

"नाना, हे काय? हे तर बाकडं आहे."

"बंगईच हाये. साखळ्या मोज."

"साखळ्या आहेत. झोका कुठाय?"

बेबाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. त्यांनी बॅग उचलली. "चाल व मोहिनी. लगेच बस हाये ना? तुमच्याकडच्या बागेत पोरीबाळींसाठी झोके असतीन. मी त्याच्यावर बसीन."

"आई, आज? आखाजीला? माझी सासू काय म्हणेल?"

"काय म्हणीन? नव्याण्णव बांबू लावले तरी विहीनबाई घरात टिकली नाही, म्हणीन."

नाना दारात आडवे आले. "अगं, स्लॅबचा भरवसा नाही! टेकू काढला अन् वरून आलं सगळं, तं?"

"तं माह्या अंगावर यीन. तुमच्या नाही."

"अन् तुले भीती नाही?"

बेबाबाईंनी बॅग खाली ठेवली आणि नवऱ्याकडे नीट बघितलं. "तुमच्या हातचं काम हाये," त्या म्हणाल्या. "मले कसाची भीती?"

नाना विरघळले. लग्नाला एवढी वर्षं झाली. या बाईने त्यांच्या दुरुस्तीला, फळी असो की नळ, कधी एक बरा शब्द दिला नव्हता. आणि आज ती स्वतःचा जीव त्यांच्या हुकांवर टांगायला तयार होती. त्यांनी हातोडी आणली. एक बांबू निघाला. दुसरा. चौथा काढताना त्यांनी डोळे मिटले होते.

बंगई हलली. बेबाबाई बसल्या, मोहिनी बसली, दोघींनी पाय दुमडले. सागवान पुढे गेलं, मागे आलं. साखळ्यांनी सावद्याच्या घरातला जुना आवाज काढला. मोहिनीने आखाजीचं गाणं धरलं, बेबाबाईंनी दुसऱ्या ओळीपासून उचललं. दोघी एकदम बेसूर होत्या. नाना एक बांबू हातात उभा धरून बाजूला तयारीत थांबले. बंगई पुढे गेली की ते एक पाऊल पुढे जात, मागे आली की मागे. लीलाधर दारातून बघून म्हणाला, "आते बराबर शे."

थोड्या वेळाने नानांना धीर आला. आता फक्त वरून एकदा बघावं, स्लॅबला केसाएवढी चीर पडली नाही ना, म्हणून ते बांबूसकट गच्चीवर गेले. उन्हाने फरशी भाजत होती. टाकी, टाकीचा टेकू, वाळत घातलेल्या कुरडया. आणि मधोमध, खालच्या बंगईच्या बरोबर वर, नव्या लोखंडी पट्ट्या. चार. प्रत्येकीतून आरपार आलेला बोल्ट, त्यावर आवळलेला नट, भोवती ताज्या सिमेंटचा अजून गडद असलेला गोल. सावद्याच्या मुक्कामाचा तो दिवस आणि धुतलेला हॉल नानांना एकदम समजला: चिंधा येऊन गेला होता. खाली हुकांवरच्या काळ्या नळ्याही आठवल्या. बेबाबाईंनी त्या काढून, पुसून, तशाच परत चढवल्या असणार.

खालून गाणं येत होतं. पायांखाली, स्लॅबमधून, झोक्याची बारीक लय जाणवत होती.

नानांनी वाकून एका नटाला हात लावला. हलत नव्हता. दुसराही नव्हता. काम चांगलं होतं. चांगलं काम ओळखण्याइतके ते शेतकरी होते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, शेजारच्या गच्चीवर कोणी नव्हतं. कुरडयांजवळच्या केळी भरायच्या चार जुन्या प्लॅस्टिकच्या क्रेट त्यांनी ओढत आणल्या आणि एकेका पट्टीवर एकेक उपडी घातली. वाऱ्याने सरकू नयेत म्हणून प्रत्येकीला टाकीजवळचा एकेक बांबू तिरपा लावून दिला.

खाली आले तेव्हा बेबाबाईंनी झोका न थांबवता विचारलं, "काय म्हणते स्लॅब?"

"काही झालं नाही," नाना म्हणाले. "पण गच्चीवर मधोमध कोणी जाऊ नका. मी तिथं एक काम काढलं आहे."

"बरं," बेबाबाई म्हणाल्या, आणि मोहिनीला डोळ्याने खुणावून थोड्या सरकल्या. बंगईवर तिघांपुरती जागा झाली. नाना बसले, पण हातातला बांबू त्यांनी खाली ठेवला नाही.