थुंकी मागणारे साडू

बिदर आणि गुलबर्गा या दोन जिल्ह्यांत मिळून रोज जेवढी थुंकी रस्त्यावर पडते, तिच्यासाठी मनापासून हळहळणारा माणूस जगात एकच आहे आणि तो माझा साडू आहे. बाकीचे लोक स्वच्छतेसाठी हळहळतात. यांना वाटतं, एवढा माल फुकट चालला. गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात ते संशोधन करतात. तोंडाचा कॅन्सर डोळ्यांना दिसण्याआधी त्याची काही खूण थुंकीत उतरते का, हे शोधणं त्यांचं काम. थुंकीत माणसाच्या जनुकांचे तुकडे असतात आणि ते वाचता येतात, हे त्यांनी मला पहिल्यांदा समजावलं तेव्हा आम्ही पंक्तीत बसलो होतो आणि माझ्या पानात नुकतीच कढी वाढली होती.

त्यांच्या खिशात पेनाऐवजी टॉर्च असतो. समोरचा बोलायला लागला की हे त्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडात बघतात, त्यामुळे नवख्या माणसाला आपल्या दातांत काहीतरी अडकलंय असं वाटत राहतं. जनवाड्याला माझ्या पुतणीच्या लग्नात नवरदेवाचे मामा मानपानावरून तावातावानं भांडत होते. साडू शांतपणे पुढे झाले, टॉर्च लावला आणि म्हणाले, "मामा, अजून जरा मोठा आ करा." मामांनी केला. भांडण तिथंच थांबलं, कारण आ केलेल्या माणसाला भांडता येत नाही. मग साडूंनी त्यांना कोपऱ्यात नेऊन सगळं काम समजावून सांगितलं, चूळ भरायला लावली, थोडा वेळ बसवून ठेवलं आणि नळीत थुंकी घेतली. मामा परतले ते विचारात पडलेले. "गुटखा सोडा म्हणायलाय तुमचा साडू," ते मला हळूच म्हणाले. "आन् थुकी मागायलाय तर कसं इनवून मागायलाय."

अशा माणसानं संशोधनासाठी निधी मिळवायचा म्हणजे अवघडच. पहिला निधी संपत आला तेव्हा पुढच्यासाठी ते बंगळूरला समितीपुढे उभे राहिले. यातून नेमकं हाती काय लागेल, असं समितीनं विचारलं. त्यांच्या आधी आलेल्यांनी देशाचं आरोग्य पालटून दाखवायचं कबूल केलं होतं. हे म्हणाले, "कदाचित काहीच नाही. पण ही खूण भरवशाची नाही, एवढं तरी नक्की कळेल." निधी मिळाला नाही. मेव्हणीला त्याचं मुळीच नवल वाटलं नाही. "मला बघायला आलते तवाबी म्हणले, माझ्या हातून फार काही कमाई होईल असं वाटत न्हाई," ती म्हणाली. "मला वाटलं, इनय हाय."

काम बंद पडलं की लोक खोलीला कुलूप लावून मोकळे होतात. साडू मात्र ज्यांनी थुंकी दिली होती त्यांना सांगायला गावोगाव निघाले. मी विचारलं, कामून एवढी धावपळ? तर म्हणाले, "मागायला गेलतो अण्णा. सांगायलाबी जायला पाहिजे न्हाई का?"

राजेश्वर या गावी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. तिथं एक म्हातारी राहायची, जन्मभर मिश्री लावलेली. थुंकी घ्यायला गेले तेव्हा यांना तिच्या गालात पांढरा चट्टा दिसला होता. तिला हाताला धरून त्यांनीच गुलबर्ग्याच्या दवाखान्यात नेलं होतं. ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती जरा बोबडं बोलायची. साडू दिसले की तिचा प्रश्न ठरलेला असायचा, तोच तिनं त्या दिवशीही विचारला.

"माझ्या थुकीचं काय झालं रं, डाक्टर?"

साडू ओसरीवर टेकले आणि उगाच चष्मा पुसत बसले. "काम बंद पडलं, अव्वा. पैसा मिळाला न्हाई. मला त्यांना नीट सांगता आलं न्हाई."

"मंग फेकून देणार व्हय?"

"न्हाई. फ्रीजरात हाय. दुसऱ्या कुणाला दिली तर चालंल का?"

"कुणालाबी दे. मला काय करायची परत? माझं तुझ्या बॅटरीनं भागलं. नातीला चट्टा यायच्या आधी कळंल, असं कायतरी कर."

परतीच्या बसमध्ये साडूंच्या शेजारचा प्रवासी सारखा जांभया देत होता, त्याच्या तोंडातही त्यांनी पाहिलं नाही.

पुढे कित्येक महिने त्यांनी दिसेल त्या मोठ्या प्रयोगशाळेला फोन केले. शेवटी बंगळूरची एक संस्था सगळे नमुने घ्यायला तयार झाली. निधी त्यांचा, काम त्यांचं, नावही त्यांचंच होणार होतं. कॉलेजातल्या लोकांनी साडूंना वेड्यात काढलं. "माझं काय हाय त्यात?" ते म्हणाले. "थुंकी लोकांची हाय."

नमुन्यांची थंड पेटी न्यायला गाडी आली, त्या सकाळी मी मुद्दाम गेलो. राजेश्वरची म्हातारी त्याच्या आधीच वारली होती. दुखणं गळ्यात उतरलं होतं. नळ्यांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. मी विचारलं, "ह्यात अव्वाची कुठली?"

"सांगता येत न्हाई अण्णा," साडू म्हणाले. "नियम हाय."

झाकण लागलं, तरी त्यांचा हात पेटीच्या एका कोपऱ्यावर तसाच होता. गाडीवाला उचलायला आला, तेव्हा ते बाजूला झाले आणि त्याला कन्नडमध्ये म्हणाले, सावकाश घे. ह्या बाजूनं जरा जास्तच सावकाश.