दानेश्वरीचं जुनं वजन

अंगणवाडीचं कुलूप काढलं की महादेवी सगळ्यात आधी मोठ्या काट्यावर मिठाचे दोन पुडे ठेवायची. आकडा बरोबर दोन किलोवर थांबला की मगच सतरंजी अंथरायची. तिचा काटा कधी चुकला नाही.

मैंदर्गीजवळच्या त्या वाडीत लेकरांची वजनं घेणं मात्र सोपं नव्हतं. टांगत्या काट्याच्या झोळीत लेकरू घालू द्यायला बायका तयार नसत.

"लटकवू नको गं त्याला," निंगव्वा नातवाला पोटाशी धरून म्हणायची. "बाजारातली वांगी हाईत व्हय?"

"तुज्यासारखं जून वांगं कोण घेतंय! दे त्याला आईच्या कडेवर."

मग आई लेकराला घेऊन मोठ्या काट्यावर उभी राहायची आणि महादेवी त्यातून आईचं वजन वजा करायची. आईचं वजन वर्षातून एकदाच, गुढीपाडव्याच्या सुमारास घेतलेलं असे. मोठी माणसं कुठं वाढतात, असं तिला वाटे.

निंगव्वाचा नातू शिवपुत्र तेव्हा दीड वर्षाचा होता. वाडीत कमी वजनाची लेकरं चार. त्यांच्यासाठी सरकारकडून जादा आहार यायचा. अंडी, केळी, शेंगदाण्याचे लाडू. तिघं सुधारली. ज्येष्ठापासून शिवपुत्राचाही आकडा चढू लागला. साडेसात, सव्वाआठ, नऊ. मोबाइलमध्ये त्याच्या नावापुढचा लाल ठिपका पिवळा झाला, मग हिरवा.

त्याचा दंड धरला की आपली बोटं एकमेकांना भिडतात, हे महादेवीला जाणवत होतं. पण आकडा चढत होता, आणि तोच सोलापूरला जायचा, तिथून मुंबईला, दिल्लीला.

"अख्खी वाडी हिरवी झाली, अक्का!" पर्यवेक्षिका उत्कर्षा मॅडम फोनवर म्हणाल्या. "जिल्ह्याच्या बैठकीत तुमचं नाव घेतलं."

महादेवीनं पेढे वाटले. भाद्रपदात जादा आहार थांबला. इथं आता गरज नाही म्हणून त्याचा निधी दुसऱ्या गावाकडं वळला होता.

महिना सरता सरता शिवपुत्राला जुलाब लागले. महादेवी त्याच्या आईबरोबर, दानेश्वरीबरोबर, सोलापूरच्या दवाखान्यात गेली. तिथं त्याला एकट्याला काट्यावर ठेवलं. तो सात किलोही भरला नाही. महादेवीनं वळून दानेश्वरीकडं पाहिलं. धावपळीत तिचा पदर सरकला होता. पाचवा महिना.

"सांगितलं का न्हाईस गं?"

"पाच म्हैने व्हईस्तवर घराभाईर सांगत न्हाईत की, अक्का. तुमाला म्हाईत न्हाय व्हय?"

माहीत होतं. तिनं स्वतः दोन्ही वेळा लपवलं होतं. वाढत होतं ते आईचं पोट, आणि तिनं ते लेकराच्या नावावर लिहिलं होतं. दानेश्वरीचं दूध तर केव्हाच आटलं होतं.

"मागच्या महिन्यांच्या नोंदी बंद झाल्या, अक्का," उत्कर्षा मॅडम फोनवर हळू आवाजात म्हणाल्या. "आकडे वर गेले, आता बदलता येत नाहीत. नव्यानं मागणी करा."

मागणी केली. आहार पुन्हा सुरू व्हायला चैत्र उजाडला.

शिवपुत्र वाचला. आता तो चौथीत आहे, आणि तेव्हा पोटात असलेली त्याची बहीण त्याच्याहून बोटभर उंच. दोघं शाळेला निघाली की अंगणवाडीच्या दारात उभी असलेली महादेवी काहीतरी काम काढून आत वळायची. तिला कुणी दोष दिला नाही, निंगव्वानंही नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

यंदा माघात, वजनाच्या दिवशी, ती बसल्या जागी कलंडली ती उठलीच नाही. त्याआधी घटकाभर एक नवी सून लेकराला कडेवर घेऊन काट्यावर चढत होती.

"पोर माज्याकडं दे," महादेवी तिला म्हणाली. "आदी तू एकली हुबी ऱ्हा."