सरांच्या गॅरेजमधली लाल दोरी

"अर्ध्यावर येते अन् परत वर जाते. सकाळपासून तेच चालू आहे," दुर्गे सर फोनवर म्हणाले. "तू येतं का दुसरा कोणी पाहू?"

"येतो सर. अर्ध्या तासात पोचतो."

मी आदिलाबादमध्ये मोटरवर चालणारी गेटं आणि गॅरेजची दारं बसवतो, बिघडली की दुरुस्तही करतो. दुर्गे सरांनी मला वांकिडीच्या शाळेत गणित शिकवलं. रिटायर झाल्यावर त्यांनी आदिलाबादला लागूनच, मावल्याला घर बांधलं. मुलाच्या हट्टापायी गॅरेजला रिमोटचं दार आलं. ते मीच बसवलं होतं. तेव्हा मुलगा घरी होता, म्हणून सगळी माहिती मी त्यालाच दिली. तो आठवड्याने हैदराबादला निघून गेला.

दार खाली येऊन परत वर जात असेल तर लोक आधी मोटरला शिव्या देतात. मोटर बिचारी बहुतेक वेळा निर्दोष असते. दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून वीतभर वर, दोन सेन्सर असतात. एकाकडून दुसऱ्याकडे किरण जातो, तो डोळ्यांना दिसत नाही. मध्ये मूल आलं, कुत्रं आलं, तर किरण अडतो आणि दार माघारी फिरतं. सरांकडे एका सेन्सरचा दिवा लुकलुकत होता. वाकून पाहिलं तर काचेवर कापसाचा पुंजका चिकटलेला. कापसाचे ट्रक समोरच्या रस्त्याने जातात, सीझनमध्ये हे चालायचंच. रुमालाने पुसलं. दार मुकाट्याने खाली बसलं.

"एवढंच होतं?" सर म्हणाले.

"एवढंच सर. रिमोट चालला नाही तर आधी सेल बदला. दार परत फिरलं तर ही काच पुसा."

"अन् हे लाल काय लोंबून राह्यलं? गाडी आत घेतली का काचेले लागते."

वरच्या पट्टीवरून लाल दोरी लोंबत होती. लाईट गेली की ही दोरी ओढायची. मग दार मोटरपासून सुटतं आणि हाताने उचलता येतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी ती स्वतः ओढायला लावतो. माझ्या कामाचा तो नियमच आहे.

पण समोर दुर्गे सर होते. वर्गात कोणी "समजलं सर" म्हटलं की ते खडू पुढे करायचे. "समजलं म्हणू नको. करून दाखव." त्या माणसाला मी सांगायचं, सर, ओढून दाखवा? माझी जीभच उचलेना. सरांना काय शिकवायचं, असं मनाशी म्हणालो. दोरी गुंडाळली आणि प्लास्टिकच्या पट्टीने वर घट्ट बांधून टाकली. सरांच्या बायकोने, काकूंनी, चहा दिला. तो पिऊन निघालो.

त्यानंतर उन्हाळा लागला. एका दुपारी वाऱ्याने कुठेतरी तारा तुटल्या. मी गुडीहत्नूरला एका गोदामाच्या शटरवर शिडी लावून चढलो होतो. फोन खाली बॅगेत होता. उतरलो तेव्हा सरांचे सहा मिस कॉल. पहिला येऊन पाऊण तास झाला होता. लगेच फोन लावला.

"तुया काकूचा हात उचलून नाही राह्यला," सर म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "तोंड वाकडं झालं. लाईट नाही, गॅरेजचं दार उघडत नाही, गाडी आत अडकली. ॲम्ब्युलन्स हायवेवर गेली म्हणते. शेजारच्या घराले कुलूप आहे."

"सर, वर लाल दोरी आहे. ती ओढा. मग दार हातानं उचला."

"कोणती दोरी?"

मी म्हणालो, "मीच वर बांधून ठेवली सर. कात्रीनं पट्टी कापा."

स्टूल सरकल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने दार वर गेल्याचा. "झालं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

काकू वाचल्या. उजवा हात मात्र गेला आणि बोलणं अडखळायला लागलं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं. डॉक्टर हे सगळ्यांनाच म्हणत असतील. मला ते माझ्या एकट्याबद्दलच वाटलं, अजूनही वाटतं.

काकू घरी आल्यावर मी गेलो आणि दारातच सांगून टाकलं. "सर, चूक माझी आहे. तुमाले शिकवायची लाज वाटली मले."

सर म्हणाले, "मलेही तुले परत इचारायची लाज वाटली. शाळेतला पोरगा काय म्हणन, सराले एवढंही कळत नाही."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. ते उठले आणि मेन स्विच बंद केला. "चाल. आता शिकव."

गॅरेजमध्ये मी दोरी ओढून दाखवली. मग सरांनी ओढली, दार उचललं, परत लावलं. तीनदा केलं. चौथ्यांदा त्यांनी काकूंना हाताला धरून आणलं. काकूंनी डाव्या हाताने दोरी धरली. पहिल्यांदा सुटली. दुसऱ्यांदा त्यांनी सगळं अंग टाकून ओढली आणि वर खट्‌ आवाज झाला.

"आलं," काकू म्हणाल्या. शब्द अर्धाच आला होता, पण कळला.

मी रुमाल काढून सेन्सरची काच पुसत बसलो. ती स्वच्छच होती.

आता मी कोणाचं "समजलं" ऐकत नाही. साहेब असो, सावकार असो, दोरी त्याच्या हातात देतो आणि ओढून होईपर्यंत हत्यारं आवरत नाही. गिऱ्हाईक माझा मास्तर असेल, तर दोनदा ओढायला लावतो.