मामा समुद्रावर येतो

माझ्या धाकट्या मामाने जेवढ्या सहली घडवून आणल्या तेवढ्या अख्ख्या मुरबाड तालुक्यात कोणी घडवल्या नसतील, आणि त्यातल्या एकाही सहलीला तो स्वतः गेलेला नव्हता. म्हसा गावाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी त्याचं घर आहे. त्या घराच्या ओट्यावर मांडी घालून बसायचं आणि साऱ्या गोतावळ्याला कुठे ना कुठे धाडायचं, हे शेतीखालोखाल त्याचं मोठं काम. माहुलीला चढताना कोणत्या झऱ्याला अजून पाणी असेल, माळशेज घाटात कुठे बसलं म्हणजे वारा ताटातली भाकरी उडवणार नाही, कसाऱ्याच्या पुढे चहा कोणाकडे प्यावा आणि कोणाकडे मुळीच पिऊ नये, हे सगळं तो डोळे मिटून सांगतो. ही माहिती तो बाजाराच्या दिवशी ट्रकवाले, धनगर, बांगड्यावाल्या बायका अशा फिरत्या लोकांकडून मिळवतो. त्यांना चहा पाजतो आणि खोदून खोदून विचारतो. एकदा आम्ही नाशिकला निघालो तेव्हा त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "देवळाच्या फुडच्या वळनावर तुज्या आत्याला मळमळंल. लिंबू हातात ठेव." मी हसण्यावारी नेलं. देऊळ मागे पडलं, वळण आलं, आणि माझी नवी पँट वाया गेली. त्या दिवसापासून मामाने सांगितलेल्या गोष्टीला मी निमूट मान डोलावतो, वाद घालत नाही.

तो स्वतः का येत नाही, याला एकच कारण होतं आणि ते गोठ्यात उभं असायचं. त्याची म्हैस दुसऱ्या कोणाच्या हाताला दूध देत नाही, असं त्याने फार वर्षांपूर्वी जाहीर केलं होतं. म्हशी बदलत गेल्या, पण प्रत्येक नवीन म्हशीला हा स्वभाव आपोआप चिकटत गेला. गंमत अशी की प्रत्येक सहलीत तो स्वतःला धरायचा. गाडीत त्याची जागा असायची, शिदोरीत त्याची भाकरी असायची. मग पहाटे सगळे गाडीत बसले की तो गोठ्याकडे बघायचा, डोकं खाजवायचा आणि म्हणायचा, "तुमी व्हा फुडं. हिचं काय करू?" मामी त्या रिकाम्या जागेशेजारी बसून जायची आणि संध्याकाळी त्याची भाकरी तशीच परत आणायची. मग तो ती भाकरी खात खात आम्हाला सगळी सहल विचारायचा, आणि चार दिवसांनी आमच्याहून चांगली सांगायचा. आम्हीच ऐकायला बसायचो.

यंदा गावची जत्रा आटोपल्यावर मामीनेच विषय काढला. तिला समुद्र बघायचा होता, पण भेळवाले, घोडेवाले आणि माणसांची रेटारेटी नसलेला. माझा एक मित्र पालघरच्या किनाऱ्यावरचा. तो म्हणाला, आमच्याकडे खाडीच्या तोंडाशी वाळूचा लांबलचक दांडा आहे, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. वर ना झाड, ना झोपडी, ना प्यायला पाणी. होडीने जावं लागतं. मामाचे डोळे चमकले. जिथे काहीच नाही तिथली सहल आखायला त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं. पण मामी पदर खोचून समोर उभी राहिली. "सगळीकडं जाऊन आले मी, पन एकटीच. या खेपेला तुमी येनार असाल तर मी येते. नायतर तुमी आनि तुमची म्हस, बसा दोघं." मामाने एकदा गोठ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "येतो." खरं सांगतो, माझा विश्वास बसला नाही, आणि मामीचाही बसला नसावा.

त्यानंतर जी तयारी झाली ती बघून मी थक्क झालो. मामाने समुद्र पाहिलेला नव्हता, पण भात वारवून वारवून वारा त्याला ठाऊक होता. रिकाम्या शेतात त्याने दोरी टाकून तो दांडा आखला. इकडे समुद्र, इकडे खाडी. भात वाळवायची ताडपत्री आणि बांबू घेऊन मांडव उभा केला, चुलीची जागा ठरवली, आणि आम्हा मोठ्या माणसांना बैलगाडीतून उतरायला लावलं, कारण गाडी म्हणजे होडी. माझी आत्या चुकून समुद्राच्या बाजूला उतरली तर तिला परत चढवलं. "बुडालीस ना! फिरून ये." सरपण घरचं, पाणी घरच्या विहिरीचं, इतकंच काय, चुलीचे दगडही घरचे. आणि दिवस त्याने निवडला पौर्णिमेचा. आमच्याकडे जत्रा असो की देवाचं काही असो, चांगलं ते सारं पुनवेला. त्यात कोणाला काही वावगं वाटायचं कारणच नव्हतं.

सहलीच्या पहाटे मामा खरोखरच गाडीत बसला. घरी राहणाऱ्या सुनेला म्हशीबद्दल इतक्या सूचना दिल्या की ती बिचारी रडकुंडीला आली. किनाऱ्यावर होडीवाल्याने आमचं सामान पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "पुनवेला कोन येतं, काका? आज उधान हाय. दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त दांडा पान्यात जाईल."

मामाचा चेहरा उतरला. आयुष्यातली पहिली सहल, आणि दिवसच चुकला! त्याने मामीकडे पाहिलं. परत जायचं म्हटलं असतं तर ती निमूट परतली असती, तेच वाईट झालं असतं. "सगळाच बुडंल का रे?" त्याने विचारलं. "मधली पाठ नाय बुडत कदी," होडीवाला म्हणाला. "मग चल," मामा म्हणाला.

वाळूवर उतरल्यावर त्याने शेतातल्यासारखीच दोरी टाकली, मांडव उभारला, चूल मांडली. तासाभरात लाट चुलीपर्यंत आली. चूल वर नेली. लाट मांडवाला लागली. मांडव वर नेला. बांबू काढ, दगड उचल, आत्याला उचल, असं चाललं होतं. तिसऱ्यांदा पाणी आलं तेव्हा मामाने हुकूम सोडायचं बंद केलं. आम्ही सगळे दांड्याच्या पाठीवर हंडे-कळश्यांसकट गोळा होऊन उभे होतो आणि दोन्हीकडून पाणी वर येत होतं, समुद्र गर्जत आणि खाडी गुपचूप. मी समुद्र पुष्कळदा पाहिला आहे, पण असा कधी नाही. लहान असतो तर मामाचा हात धरला असता. त्याचा हात मात्र मामीने धरला होता, सगळ्यांदेखत.

आमच्या भागात पाणी म्हणजे धरणाचं. कोणीतरी दरवाजे उघडले की येतं, बंद केले की थांबतं. मामा अगदी हळू म्हणाला, "एवढं पानी गो. आनि कोनी सोडलं नाय."

"आनि जाईल?" मामीने विचारलं.

"जाईल. आपलं आपन जाईल."

आणि गेलं. दुपार कलली तशी वाळू उघडी पडत गेली, ओली, गुळगुळीत, नुकतं सारवलेलं खळं असावं तशी. त्यावर आमची चूल नव्हती, दोरी नव्हती, पावलं नव्हती. मामाने चपला हातात घेतल्या आणि तो नि मामी चालायला लागली, ती पार टोकापर्यंत. परत आल्यावर मामाने आमच्यात बसून त्याची भाकरी खाल्ली. ती भाकरी त्या दिवशी पहिल्यांदा घरी परत आली नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. मामा थेट गोठ्यात गेला. दूध काढून झालं होतं, बादली भरली होती. "लाथ मारली का गो?" त्याने सुनेला विचारलं. "नाय, बाबा. गुमान उभी राह्यली," ती म्हणाली. तिला वाटलं मामा खूश होईल.

मामा ओट्याच्या पायरीवर येऊन बसला. म्हैस निवांत रवंथ करत होती. "मग इतकी वरसं मी कोनासाठी थांबलो गो?" तो मामीला म्हणाला. मामी कळशी घेऊन त्याच्या पायांवर पाणी ओतायला वाकली होती. वाळू त्याच्या घोट्यांवरून ओघळायला लागली तसा त्याने एक पाय मागे घेतला.

"राहू दे थोडी," तो म्हणाला. मामीने कळशी खाली ठेवली आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसली.