वरच्या मजल्यावरची चित्रकार

आमच्या वरच्या अपार्टमेंटमधली ती मुलगी आर्ट कॉलेजला होती. त्या वर्षी वेस्ट विंडसरला बर्फ थांबायचं नाव घेत नव्हता. ती मात्र रोज सकाळी बोटं कापलेले हातमोजे घालून बाहेरच्या जिन्यात चित्रं काढत बसायची. कोळशाने काळी झालेली बोटं फुंकून ऊब घ्यायची, त्यामुळे नाकाचा शेंडाही काळा असायचा. जन्म इथलाच, म्हणून मराठी मोडकंतोडकं. "काकू, स्लो ड्राइव्ह करा, आइस आहे," एवढं बोलून पुन्हा कागदात डोकं.

मार्चमध्ये तिने मला कॉलेजच्या प्रदर्शनाला बोलावलं. आत शिरले. समोरच्या भिंतीवर मी होते. अर्धवट बर्फ खरवडलेल्या गाडीत, स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडणारी मी.

नागपूरला आई गेली तेव्हा व्हिसाच्या भानगडीत मला जाता आलं नव्हतं. ऑफिसला निघण्याआधी मी गाडीत बसून रडून घ्यायचे. नवऱ्यालाही ते माहीत नव्हतं.

"तू बघत होतीस?" मी कसंबसं विचारलं.

"रोज. काकू, तुम्हाला ओके नसेल तर आत्ता रिमूव्ह करते."

"मग एकदा तरी काचेवर टकटक करायचीस ना गं!"

"गाडीपर्यंत यायचे मी," ती खाली बघत म्हणाली. "पण अशा टाइमला काय म्हणतात, ते मला मराठीत येत नव्हतं."

"चित्र राहू दे," एवढंच मलाही म्हणता आलं.